रात्र घरी, शिबिर मात्र अखंड : इंदूरमधील दिवसाच्या शिबिराला निवासी शिबिराचे रूप कसे द्यावे

मे महिन्यात मुलांसाठी शिबिर घ्यायचे ठरले, की आपल्याकडे प्रथम विषयांची यादी होते. चित्रकला, कागदकाम, योगासने, नाट्य, थोडे पाठांतर असे पाऊण-पाऊण तासांचे तुकडे पाडले जातात, शिकवणारे ठरतात आणि सकाळी नऊ ते दुपारी एक असा आराखडा तयार होतो. पहिल्या वर्षी आम्हीही हेच केले. मुले आनंदात होती, पालकांची तक्रार नव्हती, पण तिसऱ्या दिवशी निघताना एका मुलाने विचारले, "ताई, उद्यापण क्लास आहे का?" त्या एका शब्दाने आमचे काय चुकले ते कळले. आम्ही शिबिर म्हणून जे चालवत होतो, ते मुलाच्या लेखी शाळेसारखेच आणखी एक ठिकाण होते, जिथे त्याला सोडले जाते आणि जिथून त्याला नेले जाते.

निवासी शिबिर घेणे हा त्यावरचा सरळ उपाय असला, तरी शहरातल्या लहान मंडळाला तो सहसा परवडत नाही. आठ ते बारा वर्षांच्या मुलांना रात्री बाहेर ठेवायला अनेक घरे तयार नसतात, सभागृहाला न्हाणीघरे नसतात आणि रात्रीची जबाबदारी घेणारी पुरेशी प्रौढ माणसे मिळत नाहीत. म्हणून आम्ही प्रश्न उलटा घेतला. निवासी शिबिरातून परतलेले मूल जे सांगत राहते, ते त्याला तिथे झोपल्यामुळेच मिळते, की दुसऱ्या कशामुळे? विचार केल्यावर असे दिसले, की तिथे मुलाचे दोन दिवस एकमेकांना जोडलेले असतात, मध्ये घर शिरत नाही. मुलाची स्वतःची जागा असते, स्वतःचे काम असते, आणि अंधार सगळ्यांनी मिळून अनुभवलेला असतो. यातले बरेचसे रात्री मुलांना घरी पाठवूनही साधता येते. ज्या माळव्याची ओळखच "शब-ए-मालवा", म्हणजे माळव्याची रात्र, म्हणून सांगितली जाते, त्या माळव्यात मुलांच्या शिबिराला रात्रच नसावी, ही गोष्ट मला तेव्हापासून खटकत आली आहे. पुढे जे लिहिले आहे ते त्याच खटकण्यातून उभे राहिले आहे.

दिवस थोडे, पण लांब

वेळ तेवढाच असेल, तर तो पंधरा दिवसांच्या सकाळींवर पसरण्यापेक्षा पाच पूर्ण दिवसांत घालावा. आमचे शिबिर मंगळवारी सुरू होऊन शनिवारी संपते. सकाळी साडेसहाला मुले येतात आणि संध्याकाळी साडेसहाला जातात. चौथ्या दिवशी रात्री नऊला जातात आणि पाचव्या दिवशी पहाटे साडेपाचला परत येतात. बारा तासांच्या दिवसात सकाळ, भूक, काम, कंटाळा, दुपारची ग्लानी आणि संध्याकाळची उभारी हे सगळे येऊन जाते. चार तासांत यातली फक्त सकाळ हाती लागते. कंटाळ्याचा उल्लेख मी मुद्दाम केला आहे. ज्या वेळी ठरवून काहीही ठेवलेले नसते, त्याच वेळी मुलांमध्ये खरी मैत्री जमते, त्यामुळे संध्याकाळी साडेचार ते साडेपाच हा तास मोकळाच सोडावा. चेंडू आणि सितोलियाच्या, म्हणजे लगोरीच्या, खापऱ्या कोपऱ्यात ठेवाव्यात आणि मोठ्यांनी फक्त नजर ठेवून बसावे.

मे महिन्यात इथे पारा चाळीस अंशांच्या वर जातो, हे विसरून वेळापत्रक आखू नये. सकाळी अकरा ते दुपारी साडेचार या वेळात मुलांना उन्हात काढायचे नाही, हा नियम, पुढे सांगितलेली मध्यान्हीची सावली मोजणाऱ्या एका मुलाचा अपवाद सोडता, कोणत्याही कार्यक्रमासाठी मोडू नये. पिण्याच्या पाण्याचे माठ प्रत्येक गटाजवळ असावेत, जलसंजीवनीची पाकिटे हाताशी असावीत, आणि दर टोलाला प्रत्येकाने पेलाभर पाणी प्यावे, तहान असो वा नसो.

वळकटी आणि उंबरठा

पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाने एक वळकटी आणावी, असे पालकांना आधीच कळवावे. तिच्यात एक सतरंजी, एक जुनी चादर, लहान उशी, पंचा, कपड्यांचा एक जोड, स्टीलची ताटली, वाटी, पेला आणि चमचा असावा, आणि सगळे सुती दोरीने बांधलेले असावे. ही वळकटी पाचव्या दिवसापर्यंत शिबिरातच राहते. सभागृहात गटवार खडूने जागा आखून द्याव्यात, आणि ज्याची वळकटी जिथे ठेवली जाईल ती त्याची जागा. या एका वस्तूने जे साधते, ते दहा उपक्रमांनी साधत नाही. मूल संध्याकाळी घरी जाते, पण त्याचे अंथरुण इथे असते. घरी गेल्यावर ते "माझी उशी तिकडे आहे" असे म्हणते, तेव्हा शिबिर त्याच्यापुरते चालूच असते.

आजच्या पिशव्यांच्या दिवसांत वळकटी बांधता येणे हे एक कौशल्यच आहे. पहिल्या सकाळचा अर्धा तास त्यासाठी राखून ठेवावा. सतरंजी अर्धी दुमडायची, चादर आणि कपडे मध्ये ठेवायचे, गुडघ्याने दाबत घट्ट गुंडाळायचे आणि दोन ठिकाणी सुरगाठ मारायची. मोठ्या मुलाने लहानाला शिकवावे, ताई-दादांनी मध्ये पडू नये.

पालकांसाठी उंबरठा फाटकावरच असावा. मुलाला फाटकाशी सोडायचे, आत यायचे नाही, डबा द्यायला यायचे नाही, आणि मोबाइल मुलाबरोबर पाठवायचा नाही. आम्ही दिवसभरात छायाचित्रेही पाठवत नाही, आणि यावर दरवर्षी थोडी नाराजी होते. पण अकरा वाजता आईने मुलाला लगोरी खेळताना मोबाइलवर पाहिलेले असेल, तर रात्री त्याच्याजवळ सांगायला नवे काही उरत नाही, आणि त्याचे शिबिर त्याचे राहत नाही. छायाचित्रे शिबिर संपल्यावर एकदम द्यावीत. तातडीच्या निरोपासाठी मात्र एक क्रमांक असावा, आणि तो उचलणारी व्यक्ती दिवसभर तीच असावी. शिबिराआधी पालकांची बैठक घ्यावी, आजारांची, औषधांची आणि चालत नसलेल्या पदार्थांची माहिती लेखी घ्यावी, आणि मुलाला न्यायला कोण येणार त्याची नावे वहीत नोंदवावीत. त्या नावांबाहेरच्या कोणाकडेही मूल सोपवू नये, मग ते सख्खे काका का असेनात.

टोल आणि सावली

शिबिराला स्वतःचा वेळ असावा लागतो. सभागृहातले घड्याळ उतरवून ठेवावे, मुलांनी मनगटी घड्याळे आणू नयेत, आणि सगळा दिवस टोलावर चालावा. जुन्या शाळांत असे तसा लोखंडी रुळाचा तुकडा मिळाला तर उत्तम, नाहीतर जाड पितळी थाळीही चालते. १९०७ च्या ऑगस्टमध्ये रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउनसी बेटावर वीसएक मुलांचे जे शिबिर घेतले आणि ज्यातून पुढे स्काउट चळवळ उभी राहिली, तिथे मुलांना गोळा करण्यासाठी आफ्रिकेतून आणलेले कुडू हरणाचे शिंग फुंकले जात असे. एरवी कुठेही कानी न पडणारा आवाज रोज ऐकू येऊ लागला, की ती जागा इतर जागांहून वेगळी होते. टोल देण्याचे काम रोज एका मुलाकडे असावे आणि त्याच्यापुरते एक घड्याळ त्याच्या खिशात असावे.

अंगणात एक मीटर लांबीची सरळ काठी ओळंबा लावून उभी करावी आणि तिच्या सावलीच्या टोकाशी प्रत्येक टोलाला खडा ठेवावा. सावली सर्वांत आखूड होते तो शिबिराचा मध्यान्ह, आणि त्या टोलानंतरच पंगत बसते. मेच्या मध्यास इंदुरात हा क्षण घड्याळात बारा वाजून बावीस-तेवीस मिनिटांनी येतो, आणि मुलांना याचे फार आश्चर्य वाटते, कारण बाराला सूर्य डोक्यावर असतो असे त्यांनी पाठ केलेले असते. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि इंदूर ७६ अंशांच्या जरासे अलीकडे आहे. सूर्याला एक अंश सरकायला चार मिनिटे लागतात, म्हणून आपला मध्यान्ह उशिरा होतो, आणि पृथ्वीच्या गतीतील फरकामुळे त्यात काही मिनिटांची वजाबाकी होते. त्या दिवसांत एक मीटर काठीची मध्यान्हीची सावली जेमतेम सात सेंटीमीटर असते. ही मोजणी मुलांनीच करावी. टोल देणाऱ्या मुलाखेरीज हा अर्धा तास कोणीही उन्हात थांबायचे नाही; बाकीच्यांनी ओसरीतून पाहावे, आणि त्या मुलाच्या डोक्यावर टोपी व ओला पंचा असावा.

गट

सहा ते आठ मुलांचा गट करावा, त्यात लहान-मोठी मुले मिसळावीत, भावंडे आणि एकाच शाळेतल्या जिवलग मैत्रिणी वेगळ्या ठेवाव्यात, आणि एकदा केलेला गट पाचही दिवस बदलू नये. रोज नवे गट पाडले म्हणजे सगळ्यांची ओळख होते, असे आम्हाला पूर्वी वाटे. प्रत्यक्षात कोणाशीच पुरती ओळख होत नाही. ब्राउनसीवरची मुलेही वेगवेगळ्या स्तरांतून आलेली होती आणि चार गटांत राहिली होती. लांडगा, बैल, डोमकावळा अशी त्या गटांची नावे होती. आपण आपल्या नद्यांची नावे घ्यावीत. कान्ह, शिप्रा, गंभीर, चंबळ आणि चोरल ही पाच नावे पुरतात, आणि नावाबरोबर नकाशाही येतो. कान्ह शिप्रेला मिळते, शिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला. चोरल मात्र दक्षिणेकडे नर्मदेला जाते, कारण इंदूरजवळच्या महू गावाच्या आसपास पाण्याची वाट दोन दिशांना फुटते. गटाबरोबर एकच ताई किंवा दादा पाचही दिवस असावा. स्वयंपाकाला दोघे आणि मोकळी अशी आणखी दोन प्रौढ माणसे लागतातच. कोणतीही प्रौढ व्यक्ती मुलाबरोबर बंद खोलीत एकटी असणार नाही, हे पालकांना आणि कार्यकर्त्यांना आधीच स्पष्ट सांगावे.

काम, पंगत आणि भाषा

बाहेरून डबे मागवू नयेत. आम्ही एक वर्ष मागवले होते, आणि त्या वर्षी शिबिरात सगळे होते पण घरपण नव्हते. मुलांनी भाजी निवडावी, कैऱ्या किसाव्यात, पाणी भरावे, ताटे मांडावीत, वाढावे आणि आपापली ताटली स्वतः घासावी. घासण्यासाठी तीन घमेली ओळीने ठेवावीत: पहिल्यात खरकटे काढायचे, दुसऱ्यात राख किंवा साबणाने घासायचे, तिसऱ्यात स्वच्छ पाण्याने विसळायचे. ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याचे शिक्षण इंदूरच्या मुलांना वेगळे द्यावे लागत नाही. २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिला येत गेलेल्या शहरात ती वाढली आहेत. त्यांना पुढची पायरी दाखवावी. तळाला भोके पाडलेल्या माठात वाळलेली पाने आणि भाज्यांची साले थराथराने घालून खताचा माठ सुरू करावा. पाच दिवसांत खत होत नाही, पण माठ आतून गरम होऊ लागलेला हाताला कळतो, आणि तेवढे पुरते.

न्याहारीला पोहे सोयीचे. माणशी ७० ग्रॅम कोरडे पोहे धरले, तर तीस मुलांना सव्वादोन किलोच्या आत भागते. इंदुरी पद्धतीप्रमाणे भिजवून फोडणीत घातलेले पोहे उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवले, म्हणजे शेवटच्या मुलापर्यंत मऊ राहतात; वरून जीरावन हा इंदुरी मसाला, शेव, कांदा आणि लिंबू मुलांनीच घालावे. दुपारी मुगाची खिचडी, ताक, कोशिंबीर, आणि एखाद्या दिवशी आंब्याचा रस. चार वाजता पन्हे. शिजवलेले अन्न या उन्हाळ्यात तासाभरापेक्षा जास्त वेळ उघड्यावर राहू देऊ नये, आणि उरलेले संध्याकाळी वाढू नये. पंगतीआधी श्लोक म्हणावा, आणि वाढणारा गट सगळ्यांत शेवटी बसावा.

भाषेविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. इंदूरच्या मराठी घरांतल्या आपल्या मुलांची मराठी घरात आजीशी आणि सणावारी उरलेली असते. खेळताना, भांडताना ती हिंदीत बोलतात. त्यासाठी त्यांना टोकू नये. ज्या भाषेत भांडता येत नाही ती भाषा मुलाची झालेली नसते, आणि टोकल्याने ती होत नाही. त्याऐवजी कामाची भाषा मराठी ठेवावी. वळकटी, घमेले, पंगत, विसळणे, निवडणे, सुरगाठ, ओळंबा, ओसरी हे शब्द मुलांना हिंदीत आधी ठाऊक नसतात, त्यामुळे ते वस्तूबरोबर मराठीतच येतात आणि राहतात. गेल्या वर्षी एका मुलीने घरी जाऊन आईला "ताट विसळून टाक" असे सांगितले. आईला इतके बरे वाटले, की ती दुसऱ्या दिवशी फाटकाशी थांबून मला ते सांगून गेली.

दुपारची रात्र

जेवणानंतर दीड ते साडेतीन हा वेळ बहुतेक शिबिरांत कसाबसा काढला जातो. आमच्या शिबिरात तोच दिवसाचा गाभा आहे. सभागृहाच्या खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपडावे. मेची कोरडी हवा असते तोवर ते खोली चांगली गार करतात. उरलेल्या उजेडासाठी जुन्या चादरी लावाव्यात, पण हवा येण्याचा आणि बाहेर पडण्याचा मार्ग मोकळा ठेवावा. दारे कधीही आतून लावू नयेत. मुलांनी वळकट्या सोडाव्यात, आपापल्या जागी अंथरावे आणि आडवे व्हावे. मधोमध बॅटरीवरचा एकच कंदील ठेवावा. पहिली वीस मिनिटे पूर्ण शांतता, मग कुजबूज चालेल, मग गोष्ट.

ही गोष्ट पाच दिवस चालणारी एकच असावी, आणि रोज अशा ठिकाणी थांबावी की मुले उद्याची वाट पाहतील. आम्ही इंदूरच्या होळकरांच्या राजवाड्याची गोष्ट सांगतो. सात मजल्यांचा वाडा, खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे लाकडाचे; १८०१ मध्ये शिंद्यांचे सरदार सर्जेराव घाटगे यांनी शहर लुटले आणि वाडा जळाला, १९०८ मध्ये पुन्हा आग लागली, १९८४ मध्ये पुन्हा. दगड राहिला आणि लाकूड गेले, मग कोणी आणि कशासाठी ते परत उभे केले, हा धागा मुलांना धरून ठेवतो, कारण तो वाडा त्यांनी शंभरदा पाहिलेला असतो आणि एकदाही पाहिलेला नसतो. सांगणारी व्यक्ती पाचही दिवस एकच असावी. एखाद्या घरचे आजोबा, ज्यांना आवाज चढवायची सवय नाही, या कामाला सर्वांत योग्य ठरतात.

घरची आठवण दिवसाच्या शिबिरातही येते, आणि ती याच अंधारात येते. रडणाऱ्या मुलाला "एवढा मोठा झालास" असे म्हणू नये. त्याच्याजवळ जाऊन बसावे, पाणी द्यावे, कंदील सांभाळायचे काम द्यावे. तरीही रडू थांबले नाही, तर सरळ आईला फोन लावून द्यावा, त्यात शिबिराचा काही कमीपणा नाही.

घरची रात्र शिबिराची करणे

साडेसहाला मुले निघतात तेव्हा प्रत्येकाकडे एकच वस्तू असावी: रात्रवही. बाकी सगळे शिबिरात राहते. त्या वहीत रात्रीचे एक काम असते, आणि ते सगळ्या मुलांनी आपापल्या घरी एकाच वेळी करायचे असते. ठीक सव्वाआठला पलासियातले मूल आणि अन्नपूर्णा रोडवरचे मूल एकाच तारकासमूहाकडे पाहत आहे, ही जाणीव मुलांना फार आवडते, आणि त्यामुळे घर मध्ये येण्याऐवजी घरच शिबिराचा भाग होते.

पहिल्या रात्री सप्तर्षी शोधावेत. मेच्या मध्यास सव्वाआठला ते उत्तरेकडे उंचावर असतात. चौकोनातले शेपटीपासून दूरचे दोन तारे, पुलह आणि क्रतु, यांना जोडणारी रेघ जवळजवळ सरळ खाली ध्रुवाकडे उतरते. शहराच्या उजेडात सातांपैकी शेपटीच्या मुळाशी असलेला अत्री पुसट होतो, कधी दिसतही नाही, हे आधी सांगून ठेवावे, नाहीतर मुले सहाच मोजून हिरमुसतात. हात ताठ धरून मुठीवर मूठ ठेवत क्षितिजापासून मोजले, तर ध्रुव दोन मुठींहून थोडा वर भरतो. एक मूठ म्हणजे अंदाजे दहा अंश, आणि ध्रुवाची उंची म्हणजे आपला अक्षांश, इंदूरचा २२.७. ज्यांना जमेल त्यांनी सप्तर्षींच्या शेपटीचा बाक पुढे नेऊन स्वातीचा आणि मग चित्रेचा तारा गाठावा. सोसायटीच्या गच्चीला कुलूप असते, ही अडचण दरवर्षी येते. पालकांनी किल्ली आधीच मिळवून ठेवावी आणि मुलाबरोबर एका मोठ्याने वर जावे.

दुसऱ्या रात्री दिवे मालवून दहा मिनिटे ऐकायचे आणि ऐकू आलेले आवाज लिहायचे. टिटवी, पिंगळा, चौकीदाराची शिट्टी, लांबची आगगाडी, शेजारचा कूलर. तिसऱ्या रात्री घरातल्या सर्वांत ज्येष्ठ माणसाला विचारायचे, की तुम्ही लहानपणी उन्हाळ्यात कुठे झोपत होता. गच्चीवर पाणी शिंपडून घातलेल्या गाद्या, सुरईतले पाणी, पहाटे अंगावर ओढलेली चादर, हे सगळे या शहरातल्या घराघरांत अजून आठवणीत आहे, फक्त कोणी विचारत नाही. पालकांनी त्या संध्याकाळी दूरदर्शन संच बंद ठेवावा आणि "आज काय शिकलास" असे विचारू नये. सकाळी साडेसहाच्या टोलानंतर, न्याहारीच्याही आधी, गटागटाने रात्रीचा हवाला द्यायचा. याला पंचवीस मिनिटे लागली तरी लागू द्यावीत. आदल्या दिवसाचा धागा इथेच पुढच्या दिवसाला बांधला जातो.

चौथी रात्र आणि पाचवी पहाट

चौथ्या दिवशी मुले रात्री नऊपर्यंत थांबतात. त्या दिवशी संध्याकाळी पुन्हा पंगत असते, आणि सूर्यास्तानंतर, म्हणजे सातच्या पुढे, अंगणात शेकोटी. शहरात शेकोटी लहानच असावी. मोठ्या लोखंडी घमेल्यात तळाला वाळू घालून ते विटांवर ठेवावे, त्यात सुकी लाकडे आणि दोन-तीन गोवऱ्या, एवढे पुरे. वर फांद्या किंवा मांडव नसावा, जागेच्या मालकाची परवानगी घेतलेली असावी, दोन बादल्या पाणी आणि एक बादली वाळू शेजारी असावी, आणि पेटवण्यासाठी रॉकेल मुळीच वापरू नये. मुलांनी सुती कपडे घालावेत, ओढण्या बांधून घ्याव्यात आणि विस्तवापासून दोन मीटरवर गोल करून बसावे. एकाच प्रौढाने विस्तव सांभाळावा, त्याच्याकडे दुसरे काम देऊ नये. परवानगी नसेल तर वाळूने भरलेल्या परातीत तीस पणत्या लावाव्यात. प्रत्येक मुलाने आपली पणती लावली, की तोही विस्तवच होतो.

शेकोटीचा क्रम विस्तवाप्रमाणे असावा. सुरुवातीला टाळ्यांची गाणी, आरोळ्या, गटांच्या नकला. ज्वाळा बसू लागल्या की एकत्र म्हणायची सावकाश गाणी. निखारे उरले की कोणी एकाने एक ओवी किंवा अभंग म्हणावा, आणि मग पाच मिनिटे कोणीही बोलू नये. ध्वनिवर्धक नको, पाहुणे नकोत, भाषण तर नकोच. एकदा आम्ही एका मान्यवरांना बोलावले होते, आणि त्यांचे बोलणे संपेपर्यंत निखारे विझले होते. शांततेनंतर मुलांनी वळकट्या न उचलता, न बोलता फाटकापर्यंत चालत जावे. पालकांनाही त्या वेळी हाका न मारण्याची विनंती आधीच करून ठेवावी.

नऊ ते साडेपाच एवढेच अंतर मध्ये उरते. पाचव्या दिवशी पहाटे मुले येतात तेव्हा अजून झुंजुमुंजू असते, आणि मेच्या मध्यास सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो. पेलाभर दूध आणि एक लाडू देऊन लगेच चालायला निघावे. आमचे सभागृह जुन्या शहरात असल्याने आम्ही कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवरून, म्हणजे होळकरांच्या स्मारकांवरून, राजवाड्याकडे पायी जातो. ज्यांची जागा दूर आहे त्यांनी पुलाजवळ वाहनातून उतरून तेवढे तरी अंतर चालावे. दोन-दोनच्या रांगा, पुढे एक प्रौढ, मागे एक, प्रत्येक गटाबरोबर त्याची ताई किंवा दादा, आणि दर वळणावर मोजणी. सराफ्यातले रात्रीचे खाद्यबाजार तेव्हा उठलेले असतात, दुकाने उघडलेली नसतात, रस्ते झाडले जात असतात. त्या रिकाम्या चौकात राजवाड्यासमोर मुलांनी बसावे, आणि आजोबांनी गोष्टीचा शेवट तिथे सांगावा. दगड कुठे संपतो आणि लाकूड कुठे सुरू होते, ते मुले बोटाने दाखवतात.

परतल्यावर पोहे, आणि मग त्या दिवशी दुपारची विश्रांती अडीच तासांची असावी, कारण मुलांची झोप कमी झालेली असते. उरलेल्या दिवसात नवे काही ठेवू नये. शेकोटीची थंड झालेली राख मुलांनी खताच्या माठात मूठ-मूठ घालावी, काठीभोवतीचे खडे उचलावेत, सभागृह धुवावे. शेवटचा टोल साडेपाचला, वळकट्या बांधण्याचा. आता कोणाला शिकवावे लागत नाही. लहान मुलेही गुडघा टेकवून सतरंजी दाबतात, दोन सुरगाठी मारतात, आणि वळकटी खांद्यावर घेऊन स्वतः फाटकापर्यंत नेतात. ती उचलायला पालकांनी आत येऊ नये.